निवृत्तीनंतरचा वेळ आणि गावाचे दप्तर

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत आणि शाळांत ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस मानावयास हरकत नाही. एके काळी गावोगावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना, जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांची नोंद सरसकट १ जून अशी करून टाकली. महिन्याच्या एक तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवानियम आहे. परिणामी, गुरुजींच्या लेखणीच्या त्या एका फटकाऱ्याने पुढे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एकाच संध्याकाळी शेकडो कार्यालयांत शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. भाषणांत एक वाक्य हमखास असते : ‘आता साहेबांनी आपले छंद जोपासावेत.’ ते छंद कोणते, हे मात्र साहेबांनाही ठाऊक नसते आणि वक्त्यालाही.

या प्रश्नाकडे विनोदाने पाहणे सोपे आहे. तथापि त्यामागील हिशेब गंभीर आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला मनुष्य आणखी वीस वर्षे जगला आणि त्याच्याजवळ दररोज सहा तास मोकळे राहिले असे धरले, तर ते जवळजवळ ४४ हजार तास होतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. यांतील फारच थोडे निवृत्तिवेतनधारक आहेत. शेतकऱ्यास, शेतमजुरास किंवा घर सांभाळणाऱ्या गृहिणीस निवृत्तीचा आदेश कोणी काढीत नाही. म्हणून ज्यांना निश्चित उत्पन्नासह मोकळा वेळ मिळाला आहे, त्यांच्या वेळेचे काय होते, ही बाब त्यांच्या घरापुरती खासगी राहत नाही.

बहुतेकांचा पहिला महिना पाहुण्यांत व तीर्थयात्रेत जातो, दुसरा निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत. तिसऱ्या महिन्यापासून गृहस्थ स्वयंपाकघराच्या कारभारात लक्ष घालू लागतात आणि तेथे त्यांच्या मार्गदर्शनाची आवश्यकता नव्हती हे त्यांस लवकरच कळते. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण अशा वेळी घरातील कोणाच्या तरी ओठांवर येतेच. पारावरच्या गप्पा, पत्त्यांचा डाव, सायंकाळचे फिरणे, भजनी मंडळ यांना कमी लेखण्याचे कारण नाही. माणसांत राहण्याची ती जुनी आणि चांगली साधने आहेत. परंतु ज्याने तीस वर्षे नोंदी ठेवल्या, हजेरीपट भरले, मोजण्या केल्या किंवा मुलांचे निबंध तपासले, त्याच्या हाताला असलेली शिस्त पत्त्यांच्या डावात खर्ची पडत नाही. तिला काम लागते.

निवृत्तीनंतर काय होऊ शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे आहे. १८६५ साली जन्मलेले सरदेसाई १८८९ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत गेले आणि १९२५ साली, वयाच्या साठीत, निवृत्त झाले. पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथे त्यांनी घर केले. त्यानंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी संपादित केले. ते १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध होऊ लागला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९५७ साली त्यांना ‘पद्मभूषण’ किताब मिळाला आणि १९५९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. निवृत्तीनंतर त्यांस चौतीस वर्षे मिळाली. सेवेतील वर्षेही जवळपास तेवढीच होती.

मात्र या उदाहरणातील एक गोष्ट निरोपाच्या भाषणांत सांगितली जात नाही. सरदेसायांनी इतिहासलेखनास निवृत्तीनंतर आरंभ केलेला नव्हता. ‘मराठी रियासती’चे लेखन नोकरी सांभाळूनच चालू होते. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. १९९० साली ते वनसेवेतून निवृत्त झाले आणि त्यांचा ‘पक्षिकोश’ त्यानंतर बारा वर्षांनी आला. पण त्यामागे नवेगाव व मेळघाटच्या जंगलांत, आदिवासींच्या सहवासात टिपलेली पक्ष्यांची नावे आणि निरीक्षणे होती. २०२५ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अर्थात प्रत्येकाने सरदेसाई वा चितमपल्ली व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ज्या कामात हयात गेली त्याच्याच कडेला असलेला एखादा विषय निवडला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षीही उशीर झालेला नसतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्याने एकदम सतार हाती घेतली तर निराशा पदरी येण्याचा संभव अधिक. त्याच्याजवळ जमिनीचे कागद वाचण्याची जी नजर आहे, तिचा उपयोग शोधणे बरे.

असा एक उपयोग आज तातडीचा आहे. तो म्हणजे मोडी वाचन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील व्यवहाराचे बरेचसे कागद मोडीत लिहिले जात. कुळकर्ण्यांची दप्तरे, वतनपत्रे, इनामपत्रे, कौलनामे, गहाणखते, सावकारांच्या वह्या, देवस्थानांचे हिशेब हे सारे आजही वाड्यांच्या माळ्यांवर, फडताळांत आणि जुन्या पेट्यांत पडून आहे. वाळवी आणि रद्दीवाला हे त्याचे दोन नियमित वाचक. घरातील तरुण पिढीला ते वाचता येत नाही, म्हणून त्याची किंमतही कळत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाले, तेव्हा कागद आहेत पण मोडी वाचणारे पुरेसे नाहीत, अशी स्थिती अनेक कार्यालयांच्या अनुभवास आली. त्या वेळी हाक मारावी असा एखादा निवृत्त शिक्षक किंवा तलाठी तालुक्यात असता, तर त्याचे मोल कोणास वेगळे सांगावे लागले नसते.

मोडी शिकणे वाटते तितके अवघड नाही, आणि काही जण सांगतात तितके सोपेही नाही. लेखणी न उचलता सलग लिहिता यावे हा या लिपीचा हेतू. म्हणून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत व तिला अक्षरे लटकवीत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, विरामचिन्हे नाहीत. अक्षरओळख महिन्या-दोन महिन्यांत होते. खरी कसोटी पुढे असते, कारण प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे आणि संक्षेप करण्याची रीतही वेगळी. येथेच वय उपयोगी पडते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरे लावली, त्याला ही चिकाटी नवी नसते.

कालगणनेचीही थोडी तयारी करावी लागते. शालिवाहन शकात ७८ मिळविले की बहुतांश तिथींचा इसवी सन निघतो. फसली सनात ५९० मिळवावे लागतात, तर शुहूर सनात ५९९. ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने वर्षाच्या उत्तरार्धातील कागदांस आणखी एक मिळवावा लागतो. शुहूर सन आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात ११५६. त्यात ५९९ मिळविले की १७५५-५६ हे वर्ष मिळते. पहिल्या वेळी हे गणित सुटल्यावर जो आनंद होतो, तो शब्दकोडे सोडविणाऱ्या माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. राज्याच्या पुरालेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षणवर्ग वेळोवेळी घेतले जातात. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे तर अशा कागदांच्या अभ्यासाचे जुने घर आहे.

कागद हाती आल्यावर काय करू नये, हे आधी शिकावे. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरतो आणि अक्षरे पिवळ्या डागाखाली जातात. प्लास्टिकचे आवरण चढवून कागद बंदिस्त करण्याचा मोहही टाळावा. कागदावर पेनाने क्रमांक घालू नयेत. उन्हात वाळवू नयेत. सावलीत, कोरड्या हवेत उलगडावेत आणि धुतलेल्या सुती कापडाच्या रुमालात बांधावेत. प्रत्येक कागदाचे दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे. मूळ कागद ज्याच्या घरचा त्याच्याच घरी राहिला, तर गावात संशय उत्पन्न होत नाही. जुन्या वतनाचा वा बांधाचा कागद निघाला की भाऊबंदकीही वर येऊ शकते. वाचणाऱ्याने अक्षरे सांगावीत, निवाडा सांगू नये.

ज्यांना घरात बसून वाचणे मानवत नाही, त्यांच्यासाठी पाऊस आणि विहिरी आहेत. पर्जन्यमापक म्हणजे मुळात सरळ, उभ्या भिंतींचे भांडे. त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच त्या ठिकाणचा पाऊस. भांडे उघड्यावर, भिंतीच्या किंवा झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजमाप घ्यावे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळेस सुरू होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. महसुली व्यवहारात मंडळामध्ये चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी गणली जाते. मंडळाचे केंद्र एका गावी आणि ढग फुटला दुसऱ्याच शिवारात, हा अनुभव पंचायत सदस्यांस नवा नाही. निवृत्त गुरुजींच्या नोंदवहीला अधिकृत पर्जन्यनोंदीचा दर्जा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही ‘आमच्याकडे फार पाऊस झाला’ असे मोघम निवेदन आणि दहा वर्षांच्या रोजच्या आकड्यांसह केलेला अर्ज यांत फरक पडतो.

विहिरीचे मोजमाप याहून सोपे. दर मीटरला गाठ मारलेला आणि टोकाला वजन बांधलेला दोर विहिरीत सोडावा, पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. त्याच महिन्यांत मोजले तर तुलना करता येते. मात्र पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाला असताना मोजू नये. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरविण्याची पद्धत पाडली. तेथील यशाची कारणे अनेक आहेत. पण मोजलेला आकडा सर्वांसमोर ठेवणे हे त्यांतील एक आहे, आणि तेवढे कोणत्याही गावास जमण्याजोगे आहे.

याच वहीत पक्ष्यांचीही नोंद सहज बसते. ‘पेरते व्हा’ म्हणून साद घालणारा पावशा यंदा केव्हा ऐकू आला, चातक कोणत्या तारखेस दिसला, पावसाळा सरताना परीट पक्षी पाणवठ्यावर कधी उतरला, एवढे टिपण्यास दुर्बीण लागत नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांस कानावरही काम भागविता येते.

निवृत्त शिक्षिकांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या निवृत्तीची वाट घरातील नातवंडे, सून आणि स्वयंपाकघर पाहत असते. शाळेतून सुटलेले सहा तास घरात तिथल्या तिथे वाटले जातात. जात्यावरच्या ओव्या, गावातील बियाण्यांची नावे, सणांचे पदार्थ, औषधी पाला यांचे ज्ञान जमविण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही, कारण वृद्ध स्त्रिया पुरुषांसमोर मोकळेपणाने गात किंवा बोलत नाहीत. परंतु त्यासाठी आठवड्यातील दोन दुपारी तरी कुटुंबाने मोकळ्या करून दिल्या पाहिजेत. छंदाचा उपदेश करणाऱ्या लेखांत ही अट बहुधा गाळलेली असते.

ग्रामपंचायतीकडून यास फार मोठ्या निधीची अपेक्षा नाही. एक कोरडी खोली, लोखंडी कपाट, टेबल, खिडकीजवळ उजेड आणि किल्ली कोणाकडे राहणार याचा ठराव, एवढे पुरते. गावात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेले सार्वजनिक वाचनालय असेल तर ही जागा तेथेच करावी. नोंदवहीच्या दोन प्रती असाव्यात; एक वाचनालयात, दुसरी पंचायतीच्या दप्तरात. पहिल्या पानावर भांड्याचा आकार, ते ठेवल्याची जागा, मोजलेल्या विहिरीचा गट क्रमांक आणि कठड्याची उंची लिहून ठेवावी. मोजणारा आजारी पडला किंवा मुलाकडे शहरात गेला, तर त्याच्या जागी सातवी-आठवीच्या कोणत्या दोन विद्यार्थ्यांनी वाचन घ्यावयाचे, त्यांची नावेही त्याच पानावर असावीत.