चाक बदलले, काटा चुकला!

कबनूर-इचलकरंजी रस्त्याने एखादी जुनी राजदूत ३५० गेली, की मान आपोआप वळते. १९८३ साली भारतात आलेल्या या गाडीची १८ इंची चाके काढून १७ इंची बसवली, तर काय होईल? मित्रांनो, चला, हिशेब करू.

पुढच्या जुन्या टायरवर ३.००-१८ असे आकडे असतात. रुंदी ३ इंच, रिमचा व्यास १८ इंच. अशा टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असते. म्हणून चाकाचा व्यास १८+३+३ = २४ इंच, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर.

नव्या टायरवर ९०/९०-१७ लिहिले आहे असे समजा. रुंदी ९० मिलिमीटर, उंची तिच्या ९० टक्के म्हणजे ८१. सतरा इंच म्हणजे ४३२. एकूण व्यास ४३२+८१+८१ = ५९४ मिलिमीटर.

या गाडीचा वेगदर्शक पुढच्या चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. चाक लहान झाले, की तेवढ्याच अंतरात फेऱ्या वाढतात. काटा ६० दाखवील, तेव्हा खरा वेग सुमारे ५८ असेल. चाक मोठे बसवले तर उलट घडेल; काटा कमी वेग दाखवील आणि चालक गाफील राहील!

आकारापुढचे ‘४९पी’ही वाचा. असा टायर १८५ किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर वेग पेलतो. शेवटी चार आकडी खूण शोधा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

करून पाहा : सायकलच्या टायरवर खडूने खूण करा, एक फेरी ढकला, अंतर मोजा. मग मित्राला बसवून पुन्हा मोजा. अंतर का घटले?