हिरोशिमा ते मियाजिमा : एका दिवसाची सफर

प्रस्तावना

प्रवासवर्णनात स्थळांचे वर्णन तर असतेच. पण त्या स्थळांमागील माणसांचे जीवनही त्यातून उलगडत जाते. प्रस्तुत पाठात जपानमधील एका दिवसाच्या सहलीची ओळख करून दिली आहे. ही सहल एका भग्न वास्तूपाशी सुरू होते आणि समुद्रातील एका महाद्वाराकडे जाते. ही दोन्ही स्थळे १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. एक स्थळ माणसाने घडवलेल्या संहाराची साक्ष देते, तर दुसरे त्याच्या सौंदर्यदृष्टीची. या दोहोंना जोडणारे सूत्र कोणते, याचा शोध पाठ वाचताना घ्या.

मूळ पाठ

ओसाकाहून शिनकानसेन या वेगवान रेल्वेने निघालेला प्रवासी सुमारे दीड तासात हिरोशिमाला पोहोचतो. तेथून ट्राम मिळतात. रुंद रस्ते, नद्यांवरील पूल आणि दुतर्फा झाडे पाहता पाहता तो शहराच्या मध्यभागी येतो. तेथे मोतोयासू नदीच्या काठी विटांच्या फुटक्या भिंती आणि घुमटाचा उघडा लोखंडी सांगाडा दिसतो. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने रेखाटलेली ही इमारत १९१५ साली व्यापारी प्रदर्शनांसाठी बांधण्यात आली होती.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी या परिसरावर सुमारे ६०० मीटर उंचीवर अणुबॉम्बचा स्फोट झाला. इमारतीतील सर्व माणसे तत्क्षणी मृत्युमुखी पडली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शहरातील मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली, असा अंदाज आहे. येथे पंचाहत्तर वर्षे गवताचे पातेही उगवणार नाही, असे तेव्हा बोलले जाई. परंतु त्या होरपळलेल्या मातीत कण्हेर पुन्हा फुलली. पुढे तेच हिरोशिमाचे नगरपुष्प ठरले.

ही भग्न वास्तू ठेवावी की पाडावी, यावर नगरवासीयांत दीर्घकाळ वाद होता. तिच्या दर्शनाने अनेकांच्या जखमा पुन्हा ओल्या होत. हे दुःख खरे होते. तथापि, विस्मरणाची किंमत अधिक मोठी असते, हा विचार अखेर प्रबळ ठरला आणि १९६६ साली नगरपरिषदेने ती कायम जतन करण्याचा ठराव केला. त्यासाठी लोकांनी देणग्या दिल्या. एखादी वास्तू पडकीच राहावी म्हणून तिची वारंवार डागडुजी करावी लागते, हे येथील वेगळेपण होय.

नदीपलीकडे शांतता स्मारक उद्यान आहे. सदाको सासाकी ही मुलगी स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. किरणोत्सर्गाच्या परिणामामुळे १९५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पूर्ण होते, या श्रद्धेने ती रुग्णशय्येवर कागदाच्या घड्या घालत असे. तिच्या सोबत्यांच्या प्रयत्नांतून १९५८ साली उभ्या राहिलेल्या बालस्मारकापाशी आज जगभरातील मुलांनी पाठवलेले रंगीत क्रौंच दिसतात. २०२३ साली याच परिसरात नदीकाठी महात्मा गांधींचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

घुमटासमोरूनच मियाजिमाच्या धक्क्याकडे जाणारी ट्राम मिळते. या ट्रामसेवेलाही इतिहास आहे. स्फोटानंतर अवघ्या तीन दिवसांत, ९ ऑगस्टला, तिचा एक टप्पा पुन्हा सुरू झाला होता. ढिगाऱ्यांतून धावणारी ती गाडी पाहून वाचलेल्या लोकांना धीर आला. सुमारे तासाभरात ट्राम किनाऱ्याला लागते आणि तेथून फेरीबोट दहा मिनिटांत बेटावर नेते.

बोटीतूनच शेंदरी रंगाचे महाद्वार दृष्टीस पडते. त्याला जपानीत ‘तोरीई’ म्हणतात. १८७५ साली उभारलेले हे द्वार १६ मीटरहून अधिक उंच आहे. त्याचे खांब समुद्रतळात पुरलेले नाहीत. ते स्वतःच्या भारानेच उभे आहे. त्या भारात भर घालण्यासाठी वरच्या आडव्या तुळईत दगड भरलेले आहेत. भरतीच्या वेळी ते पाण्यावर तरंगल्यासारखे भासते; ओहोटीत लोक चालत त्याच्या पायथ्याशी जातात. म्हणून जाणता प्रवासी आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतो. इत्सुकुशिमा मंदिराच्या सज्ज्यांतील फळ्यांमध्ये फटी ठेवल्या आहेत. उधाणाचे पाणी त्यांतून वर येते आणि लाकडावरील ताण कमी होतो. समुद्राशी झुंज न देता त्याला वाट करून देणे, हे येथील कारागिरांचे शहाणपण.

सौंदर्याचीही निगा राखावी लागते. २०१९ ते २०२२ या काळात महाद्वाराची मोठी दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या पर्यटकांकडून १०० येनचा कर घेण्यात येऊ लागला. वाटांवर हरणे निर्धास्त हिंडतात. त्यांना खाऊ घालू नये, अशी विनंती पर्यटकांना केली जाते.

हे बेट इतके पवित्र मानले गेले, की पूर्वी तेथे जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते. बेटावरील ५३५ मीटर उंचीच्या मिसेन पर्वतावर एक अग्नी शतकानुशतके जपला गेला. १९६४ साली हिरोशिमाच्या उद्यानात शांतिज्योत प्रज्वलित झाली, तेव्हा तिच्यासाठी याच पर्वतावरून अग्नी नेण्यात आला. जगातील शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती तेवत ठेवण्याचा संकल्प आहे. भग्न घुमट असो वा शेंदरी महाद्वार, दोन्ही टिकले ते माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले म्हणून. परतीच्या बोटीत बसलेला प्रवासी छायाचित्रांबरोबर ही जाणीवही घेऊन निघतो.

शब्दार्थ

भग्न – मोडकळीस आलेले. तत्क्षणी – त्याच क्षणी. क्रौंच – लांब मानेचा एक पक्षी. उधाण – मोठी भरती. निषिद्ध – मनाई असलेले

स्वाध्याय

१. भग्न घुमट जतन करण्याबाबत नगरवासीयांत मतभेद का होते?
२. मंदिराच्या फळ्यांमध्ये फटी का ठेवल्या आहेत?
३. ‘सौंदर्याचीही निगा राखावी लागते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील जतन करण्यायोग्य एका वास्तूविषयी दहा ओळी लिहा.