जामीन कोण राहणार?

(लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीसाठी अभ्यासपाठ)



समजा, आपल्याच वाडीतला वीस वर्षांचा एक मुलगा आहे. बाप दारूपायी गेला. आई चार घरची धुणीभांडी करते. मित्रांच्या नादाला लागून त्याने एका दुकानाच्या गल्ल्यातून बारा हजार रुपये उचलले. पकडला गेला, कोर्टात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा. न्यायाधीश त्याला तुरुंगात न धाडता घरी सोडायला तयार आहेत. पण ते विचारतात, "ह्याला जामीन कोण राहणार?" आई मागे वळून पाहते. मागच्या बाकावर वाडीतले कोणीच नाही.

अशा वेळी आपण कुठे असतो, याचा विचार आज करू या.

पवित्र शास्त्रातील एक चिठ्ठी

संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र अगदी छोटे, एका अध्यायाचे आहे. पौल स्वतः बंदिवासात आहे. धन्यापासून दुरावलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला तो परत पाठवत आहे आणि त्याला भाऊ म्हणून स्वीकारण्याची विनंती करीत आहे. पण पौल केवळ 'क्षमा कर' म्हणून थांबत नाही. त्याने तुझे काही नुकसान केले असेल, तुझे काही देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. आजच्या भाषेत सांगायचे, तर पौल अनेसिमाला जामीन राहिला.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात 1958 सालापासून अपराधी परिवीक्षा कायदा आहे. 'परिवीक्षा' हा शब्द जड वाटतो, पण अर्थ सोपा आहे: अपराध सिद्ध झालेल्या माणसाला तुरुंगात न ठेवता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, देखरेखीखाली समाजातच राहू देणे. ज्या गुन्ह्याला फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते, तिथे ही सवलत नाही. काही विशेष कायद्यांखालील गुन्ह्यांनाही ती मिळत नाही. इतर गुन्ह्यांत न्यायालय आरोपीचे वय, स्वभाव व परिस्थिती पाहून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकते. अपराधी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि पाठवायचेच ठरले तर कारणे लिहून द्यावी लागतात.

या कायद्यात एक अट आहे. बंधपत्रावर सोडायचे, तर त्या माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचा कायमचा ठिकाणा किंवा नेहमीचा कामधंदा असला पाहिजे. थोडक्यात, कायद्याने दार उघडे ठेवले आहे, पण ज्याला घर नाही, काम नाही आणि ज्याच्यासाठी सही करणारे कोणी नाही, त्याला त्या दारातून आत येता येत नाही.

देखरेख कोण करतो?

हे काम परिवीक्षा अधिकाऱ्याचे. आपल्या राज्यात तो महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतो. तो घरी जाऊन चौकशी करतो, न्यायालयाला गोपनीय अहवाल देतो, सुटलेल्या माणसावर लक्ष ठेवतो, गरज पडल्यास त्याला काम मिळवून देण्याचा प्रयत्न करतो आणि भरपाई भरायला मदत करतो. त्या अधिकाऱ्याच्या कामावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे नियंत्रण असते. म्हणजे पाहणाऱ्यालाही पाहणारा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

पण संपूर्ण जिल्ह्यात हिंडणारा अधिकारी एका मुलाकडे महिन्यातून किती वेळा पोहोचणार? कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून शासनाने मान्यता दिलेली संस्थाही परिवीक्षा अधिकारी पुरवू शकते, आणि अपवादात्मक प्रसंगी न्यायालय एखाद्या योग्य व्यक्तीकडेही हे काम सोपवू शकते, अशी तरतूद कायद्यातच आहे.

ही प्रथा सुरू झाली तीच मुळी एका साध्या कारागिराकडून. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार होता. 1841 साली तो कोर्टात गेला असताना त्याने एका दारुड्याला जामीन राहण्याची तयारी दाखवली. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, नीटनेटका होऊन कोर्टात उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला एक सेंट इतका नाममात्र दंड केला. पुढे 1859 साली मरण येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार जणांना असा आधार दिला. सरकारी परिवीक्षा अधिकारी त्यानंतर आले.

आपल्याकडेही उदाहरण आहे. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. औंधच्या राजेसाहेबांनी मूळचे पोलंडचे असलेल्या मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना उचलून धरली. कैदी भिंतीशिवाय राहिले, शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला.

आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'समाजसेवा' ही एक शिक्षा म्हणून आली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, अपराधी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी समाजसेवेची शिक्षा होते. हे काम बिनमोबदल्याचे आणि लोकांच्या उपयोगाचे असते. असा माणूस उद्या आपल्या गावातल्या शाळेच्या आवारात किंवा दवाखान्यात झाडू मारताना दिसला, तर आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहणार?

ज्याचे नुकसान झाले, त्याचे काय?

गुन्हेगाराची दया करताना दुकानदाराला विसरणे हा अन्याय आहे. त्याचे बारा हजार गेलेच ना? परिवीक्षेच्या कायद्यात न्यायालय नुकसानभरपाईचा हुकूम देऊ शकते. जक्कयाचे घर आठवा. प्रभू त्याच्याकडे उतरला तेव्हा लोक कुरकुरले, पण जक्कयाने ज्याचे घेतले त्याला चौपट परत देण्याचे कबूल केले. परतफेड हा पश्चात्तापाचाच भाग आहे.

एक इशाराही द्यायला हवा. जामीन राहणे म्हणजे गुन्हा झाकणे नव्हे. मारहाण झालेल्या बाईला किंवा छळ झालेल्या मुलाला 'वाडीची अब्रू जाईल, तक्रार मागे घे' असे सांगणे हे मोठे पाप आहे. तसेच देखरेख म्हणजे पाळतही नव्हे. त्या मुलाची गोष्ट नाक्यावर, लग्नाच्या मांडवात चघळली गेली, तर तो पुन्हा जुन्या मित्रांकडेच जाईल. तिथे तरी त्याला कोणी नावे ठेवत नाही.

आपण काय करू शकतो?

1. आपल्या भागाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याला समूहातील दोघांनी जाऊन भेटावे आणि मदतीची गरज कुठे आहे ते विचारावे.
2. ज्यांचे दुकान, वर्कशॉप, वाडी किंवा टेम्पो आहे, त्यांनी अशा एकाला काम देण्याचा विचार करावा. नेहमीचा कामधंदा ही कायद्याची अट एका मालकाच्या होकाराने पूर्ण होते.
3. कोणी जामीन राहिले, तर त्याला एकटे सोडू नये. शर्ती मोडल्यास मुलाला मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते आणि जामीनदारालाही झळ लागते. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून जबाबदारी घ्यावी.
4. नुकसान झालेल्या घरी आधी जावे. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

चिंतनासाठी प्रश्न

अ) तुरुंगातून किंवा कोर्टातून परत आलेल्या एखाद्याशी मी शेवटचे कधी बोललो? काय बोललो?
आ) पौलाप्रमाणे 'माझ्या नावावर मांड' असे मी कोणासाठी म्हणू शकेन? कोणासाठी म्हणू शकणार नाही, आणि का?
इ) आमच्या समूहात अशा मुलाची आई आहे का? तिच्याबरोबर कोर्टात जायला कोण तयार आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बैठक संपण्यापूर्वी नावानिशी ठरवावे. तारखेच्या दिवशी त्या बाकावर निदान एक माणूस तरी बसलेला असावा.