दारू सुटल्यानंतरची अस्वस्थता

दारू बंद झाली की घरातील कटकटही संपेल, अशी जुन्नर-आंबेगाव परिसरातील अनेक कुटुंबांची अपेक्षा असते; प्रत्यक्षात मात्र महिनाभर थेंबही न घेतलेला माणूस रात्रभर कूस बदलत राहतो, टोमॅटोचे क्रेट भरताना मजुरांवर खेकसतो, भरल्या ताटावरून उठून जातो, आणि मग घरातूनच ऐकू येते, "यापेक्षा पीत होता तेव्हाच बरा होता." वैतागलेल्या घराच्या तोंडी हे वाक्य येणे स्वाभाविक असले, तरी रुग्णासाठी ते घातक ठरते, कारण ज्याला स्वभावदोष समजले जाते ती पुष्कळदा बरे होण्याच्या वाटेवरचीच अवस्था असते.

मद्य मेंदूतील उत्तेजना दाबते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिल्यास मेंदू तोल सांभाळण्यासाठी ती उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू थांबल्यावरही ही वाढ लगेच ओसरत नाही. पहिल्या काही दिवसांत थरथर, घाम, फिट किंवा भ्रम दिसू शकतो. या लक्षणसमूहाला 'विथड्रॉवल' म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकत असल्याने जुन्या, रोजच्या मद्यपीने दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. त्यानंतरही झोपमोड, बेचैनी आणि आनंदशून्यता, म्हणजे एकेकाळी जीव की प्राण असलेल्या बैलगाडा शर्यतीतही मन न रमणे, काही महिने टिकू शकते. नारायणगावच्या बाजारातून मालविक्रीच्या पट्टीचे पैसे हातात पडतात तो दिवस आणि गावची जत्रा या काळात विशेष जोखमीची असते; तेव्हा रुग्णासोबत घरचे कोणी असणे उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दारूमुळे आलेली उदासी बहुधा तीन-चार आठवड्यांत हटते. ती त्यापुढेही राहिल्यास स्वतंत्र नैराश्याची शक्यता धरून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जगणे नकोसे झाल्याचे बोल मात्र एक दिवसही दुर्लक्षू नयेत: घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत, रुग्णाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

पत्नीलाही आधार हवा असतो, ही गोष्ट पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 'सहचरी' गटातून ओळखली, हे त्या कामाचे मोठे मोल आहे. घाबरलेल्या घरात दारू सोडवण्याच्या गोळ्या जेवणातून लपवून देण्याचा मोह होतो. परंतु त्यांपैकी डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो, म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.