विभवांतराचे मापन आणि अनाहूत खळबळ

तांबे व कॉन्स्टंटन या तारा जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला, तर सुमारे ४.२ मिलिव्होल्ट विभवांतर मिळते. एवढ्या अल्प मापनात मल्टिमीटरचा शेवटचा अंक सहसा स्थिर राहत नाही. अशा वेळी पुस्तकातला अंक वहीत उतरविण्याचा मोह होतो. रोज पंचशील म्हणणाऱ्या आपल्या वसतिगृहात याला मुसावाद म्हणतात, हे वेगळे सांगावयास नको. मार्ग एकच: खळबळीचे कारण शोधावे.

होटगी जंक्शनवरील रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्ट असले, तरी पहिला संशय आपल्याच भिंतीतील २३० व्होल्टच्या वायरवर घ्यावा. ती हाताच्या अंतरावर असते. तिच्यातील प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात. मीटरकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींपासून दूर पसरल्या, की त्यांचा मोठा वेढा होतो आणि बदलते चुंबकीय क्षेत्र त्यात विभवांतर उत्पन्न करते. त्याच तारांना परस्पर पीळ दिला, की शेजारशेजारच्या लहान वेढ्यांतील विभवांतरे विरुद्ध दिशांची होऊन बहुतांशी मिटतात. उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कदाचित तो कोणी करीत नाही. शिवाय वाचनाचा कालावधी २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत असेल, तर ही खळबळ सरासरीत विरून जाते; चांगले डिजिटल मीटर हेच करतात.

सरासरीवर मात्र भाबडा विश्वास नको. १६ वाचनांची सरासरी यादृच्छिक खळबळ एक चतुर्थांशावर आणते. स्थिर त्रुटीला ती स्पर्शही करीत नाही. मीटर शून्याऐवजी ०.२ दाखवीत असेल, तर हजार वाचनांनंतरही ०.२ ची चूक उरेल. त्यासाठी मीटरच्या तारांची अदलाबदल करावी. एकदा +४.४ आणि एकदा −४.० आले, तर चिन्हांसह वजाबाकी करून निम्मे घ्यावे: ४.२.

कारण हटविणे आपल्या हाती नसेल, तर आपणच हटावे. मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली, तेव्हा तिच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलविण्यात आले. जुनी जागा मात्र लगेच सोडली नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन्ही जागांमधील फरक कळला आणि १८४० च्या दशकापासूनची मालिका अखंड जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये.