अंगणातले गाजरगवत

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या अंगणांत हिरवळीबरोबर गाजरगवतही उगवतं. पानं गाजरासारखी, फुलं बारीक पांढरी. मूळचं हे अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात ते पसरल्याचं लक्षात आलं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागकणांनी दमा बळावतो. म्हणून श्रमदानात मुलांना ते उपटायला लावू नका. मोठ्यांनीच हातमोजे घालून, माती ओली असताना, मुळासकट उपटावं. तेही फुलं येण्याआधी. एका झाडाला हजारो बिया येतात! मोकळ्या झालेल्या जागी टाकळा वाढू द्या. तो गाजरगवताला दाबतो, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते. मुलांना काम एकच द्या : लांबून झाड ओळखायचं आणि मोठ्यांना सांगायचं.