अन्न आणि औषध

दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकतो. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी बेदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांस खुले केले. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे पाहता आम्हांस वाटते, कोठार उघडे आहे. दारापर्यंत नेणारा मात्र भेटत नाही.

चाळीतल्या घरचा कर्ता माणूस आजारी पडला की पहिल्या आठवड्यात रोजगार जातो. मग उसनवारी होते, मग घरची बाई आपले ताट अर्धे करते. म्हणजे दुखणे एकाचे, पण उपास सगळ्या घराला. म्हणून नुसते औषध पुरत नाही आणि नुसता शिधाही पुरत नाही.

क्षयरोगाचेच पाहा. औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत. सरकारी क्षयकार्यक्रमात तपासणी व औषध विनामूल्य आहे. पोषणासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. झारखंडातील एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोग्याबरोबर घरच्या माणसांनाही शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. अन्न हेही औषधच, हे आता मोजून सिद्ध झाले.

रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र घरात माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. गावचे कार्ड कल्याणच्या दुकानातही चालते. पण मराठवाड्यातून आलेल्या कितीकांना हे ठाऊकच नसते!

मोठ्या आजारासाठी २००६ सालची उच्च न्यायालयाची योजना आहे. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बलांस सवलतीने द्यावयाच्या आहेत. अत्यवस्थ रोग्यास अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड मात्र जवळ हवे.

तर मंडळी, करायचे काय? वारीत एखादा थकला तर त्याची पडशी दुसरा घेतो, त्याला सांगावे लागत नाही. तद्वत् प्रत्येक भजनी मंडळाने दोन माणसे नेमावीत. एकाने आजाऱ्यासोबत रुग्णालयात जावे, तेथील समाजसेवकास भेटावे, कागद लावून द्यावेत. दुसऱ्याने त्या घरी महिन्याचा शिधा पोचवावा. तोही गाजावाजा न करता, कारण घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.

एकादशीला गळ्यात माळ घालून भेटणारा गडी दोन एकादश्या दिसला नाही, तर त्याच्या दारी जाऊन विचारावे. सेवा तेथूनच सुरू होते.